पितळेचा स्क्रू

तांडापेठ, नागपूर
९ ऑक्टोबर १९७७, रविवार

ईश्वर,

‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं आणि तो कागद फाडला. आशीर्वाद द्यायचा अधिकार मला उरला आहे की नाही ते ठरवता आलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो आहे.

तुझा पत्ता बाबनरावांनी आणला. आपल्या आळीतले, रेल्वे डाकेत आहेत ते. कलकत्त्याच्या फेरीत एका हॉटेलाच्या दाराशी त्यांनी तुझा फोटो पाहिला. खाली नाव ‘ईश’ एवढंच होतं. मी म्हटलं, दुसरा कोणी असेल. तर म्हणाले, "नाव बदलवता येते गा मास्तर, कान कुठं बदलवता येते? थेट तुमच्या बाबाचे कान!" दरवानाशी गोड बोलून त्यांनी तुझ्या खोलीचा पत्ता काढला.

म्हणजे तू वाजवतो आहेस. कोणाच्या गिटारवर, हे आम्हाला अकरा वर्षं माहीत नव्हतं आणि अजूनही नाही. तुझी इथेच आहे. अजनीच्या गार्डसाहेबांनी ऑस्ट्रेलियाला जाताना तुला विकली तीच, व्हायोलिनसारख्या फुगीर पोटाची. तू गेलास तेव्हा मायनं ती आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. गेल्या रविवारी तिनं मला ती खाली काढायला लावली.

लाकडाला तडा नाही. मान सरळ आहे. तारा गंजल्या आहेत, त्या बदलता येतील. पण पिकअप मेलेला आहे. मायनं विचारलं, "ते काय असते गा?" मी सांगितलं, तारांच्या खाली लोहचुंबक असतं, त्याच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, तार हलली की त्या वेढ्यांत वीज उठते आणि तिचा मोठा आवाज होतो. तो नसेल तर ढोल-बाजाच्या गलबल्यात ही गिटार शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

"म्हणजे आत कांडी हाय."

"हो. तांब्याची कांडी."

"मंग भरू नं! माग दुरुस्त ठेवला का विणकर कुठंबी असो, येते."

तुला माहीत आहे, जन्मभर तिनं रहाटावर सुताच्या कांड्या भरल्या. बाबांच्या आणि मग तुझ्या धोट्यात तिचंच सूत असायचं. माग आपण ६८ साली विकला. मागाखालच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत, तिथं आता माझी पुस्तकं आहेत.

पिकअपच्या झाकणाचे चार स्क्रू आहेत. तीन पोलादी आहेत, एक पितळेचा. तो कधी बसला, आठवत नाही.

मायची तब्येत बरी आहे. थोडा खोकला आहे, तेवढंच.

शालिकराम


३० ऑक्टोबर १९७७

ईश्वर,

तुझं कार्ड पोचलं. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालं. ते इथं उतरवतो, म्हणजे मी काही वगळलं असं मला वाटायला नको.

‘पत्र मिळालं. गिटार दुरुस्त कर नाहीतर चुलीत घाल. पितळेचा स्क्रू कधी बसला ते आठवत नाही म्हणतोस. मला आठवतं. चोवीस डिसेंबरला स्टेजमागं झाकण उघडलं तेव्हा तो होता. बावीसला नव्हता. एकच विचारतो. पिकअप मेला आहे हे आदल्या दिवशी तुला माहीत होतं का? हो असेल तर नुसतं हो लिही. मी घरी येईन. दुसरं काही लिहू नकोस.’

ईश्वर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी लिहीन. पण पिकअप आतून पाहिल्याशिवाय काही लिहिणं मला बरोबर वाटत नाही. मी विज्ञान शिकवतो, म्हणजे शिकवणाऱ्यांना प्रयोगाचं सामान मांडून देतो. पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये, हे मी दरवर्षी नव्या मुलांना सांगतो.

तार मिळाली आहे. मोटारी भरतात त्या धोंडबाकडे इतकी बारीक नव्हती. "मास्तर, हे तार नाही, कोळ्याचं जाळं हाय. हे पायजे त कोळ्याच्या घरी जा," असं म्हणून तो हसला. शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शेहेचाळीस नंबरचं एक रीळ पडून होतं. विभागप्रमुखांना अर्ज दिला, त्यांची लेखी परवानगी घेतली, मग घरी आणलं. अर्ज लिहिताना मला हसू आलं. पावशेर तारेसाठी मी परवानगी मागतो.

पिकअप नुसता दुरुस्त न करता सुधारायचा विचार आहे. पूर्वी एकच वेटोळं होतं. आता शेजारी शेजारी दोन करायची, दुसरं पहिल्याच्या उलट दिशेनं गुंडाळायचं, त्याचं चुंबकही उलटं ठेवायचं. विजेच्या दिव्यांची, यंत्रमागांची जी घरघर एका वेटोळ्यात शिरते ती दुसऱ्यातही शिरते, पण उलटी, म्हणून एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोन्हींत मिळून वाढतो. तू मोठ्या शहरात असे पिकअप पाहिले असशील.

मायला वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं. "काय लिहिलं गा?" मी तिला शेवटून दुसरं वाक्य वाचून दाखवलं. मी घरी येईन. तेवढंच. तेव्हापासून ती रोज विचारते, "तारीक लिहिली नाही का त्यानं?"

शालिकराम


२० नोव्हेंबर १९७७

ईश्वर,

काल पिकअप उघडला. तीन पोलादी स्क्रू सहज निघाले. चौथा घट्ट होता.

कारण सापडलं आहे. जुन्या वेटोळ्याचे वेढे आतून हिरवे पडले आहेत. तांब्याला हिरवा गंज चढला आणि तार तीन ठिकाणी कुजून तुटली. नखानं खरवडलं तर पिठूळ निघालं. वास घेतला आणि कळलं.

तुला ६६ चा श्रावण आठवतो? तुझा पिकअप पहिल्यांदा बिघडला तेव्हा आपण तिघांनी तो मायच्या रहाटावर भरला. मी वेढे मोजत होतो, तू तार सोडत होतास, माय चाक फिरवत होती. तिच्या डाव्या हाताला खळीचं वाडगं. सूत कांडीवर घट्ट बसावं म्हणून ती दर थोड्या वेळानं बोटं खळीत बुडवायची. पन्नास वर्षांची सवय. तांब्याच्या तारेलाही तिनं तशीच ओली बोटं लावली. मी समोर बसलो होतो, पदवीधर, आणि माझ्या लक्षात आलं नाही, कारण लहानपणापासून मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. खळ आत राहिली, ओल धरून बसली आणि चार महिन्यांत तार खाऊन टाकली.

मायला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती मांडीशी येऊन बसली, चष्मा लावला, हिरवं पाहिलं, बोटावर घेऊन चोळलं. विणकराच्या बाईला खळ ओळखायला किती वेळ लागतो?

"हे माह्या बोटाचं हाय नं?"

मी वेटोळं कागदावर ठेवलं.

"म्हणजे माह्यानंच त्याचं बाजं बंद झालं."

"तुले काय मालूम होतं, माय?"

"मालूम नोयतं म्हणून काय तार तुटत नाही?" मग तिला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर म्हणाली, "त्याच्या कार्डात अजून काई हाय. तू खिशातून काढतं, वाचतं, ठेवतं. मले पुरं वाचून दाखव."

मी पुरं वाचून दाखवलं.

तिनं बोटावरचं हिरवं पदराला पुसलं. मग म्हणाली, "लिह का आईनंच बिघडोलं. ओल्या बोटानं. खोटं थोडी हाय? शालिकले काई मालूम नोयतं, असं लिह. माह्यावर राग धरून तो का करन? मी म्हातारी."

तेव्हा कारण हे आहे, ईश्वर. ओली बोटं. कोणाचाही हेतू नव्हता. मायनंच असं लिहायला सांगितलं आहे.

तू ये.

शालिकराम


११ डिसेंबर १९७७

ईश्वर,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. ‘कारण विचारलं नव्हतं. तुला माहीत होतं का, ते विचारलं होतं. मायला मधे घालू नकोस.’

बरोबर आहे.

मागच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मी ते पुन्हा पुन्हा तपासून लिहिलं होतं, आणि तरी तू एका ओळीत ओळखलंस.

आधी दुसरं एक खोटं दुरुस्त करतो. मायला थोडा खोकला नाही. छातीत सुताची धूळ साचली आहे, मेडिकलच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं की हिवाळा निघणं कठीण आहे. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. ती मरायला टेकली म्हणून तू येऊ नयेस असं तिचंच म्हणणं. मी तार करायला निघालो होतो तर तिनं सदऱ्याची बाही धरली. "तार नोको करू. मरून राहिली म्हणून बोलावशील त तो माह्यासाठी येईन, दोन दिवस राहीन, चालला जाईन. तुमचं दोघांचं तसंच राहीन. त्याले तुह्यासाठी येऊ दे."

हे तिनं म्हटलं तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. किंवा तिला माहीत नसेल, ती फक्त माझी आई असेल. मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट चांगली झाली. पहिली कांडी तिनं भरली. मी रहाटाच्या फिरत्या चातावर लाकडी फिरकी बसवली, चाकाच्या एका फेऱ्याला दहा वेढे पडतील अशी. सहा हजार वेढे हवेत. दर शंभर वेढ्यांना तिनं एक चिंचोका बाजूला ठेवायचा. तुझ्या वहिनीनं, तारानं, साठ चिंचोके मोजून वाटीत दिले. बोटं कोरडी राहावीत म्हणून शंखजिरं लावलं. पहिल्याच दिवशी तुझी वहिनी म्हणाली, "सासूबाई, पावडर लावून कुठं चालल्या?" तर म्हणते, "कलकत्त्याले, बाई. हाटेलात नाचाले."

एका बैठकीत चारपाच चिंचोके. मग दम लागायचा. दर थोड्या वेळानं तिचा हात आपोआप डावीकडे जायचा, जिथं वाडगं असायचं तिथं. जमिनीला बोटं लागली की थबकायची, पदराला पुसायची, पुन्हा तार धरायची. एकदाही तार तुटली नाही. साडेचार हजार ओहम भरले, जेवढे यायला हवे तेवढेच. मग मी मेण वितळवलं आणि वेटोळं त्यात बुडवून ठेवलं, आत हवा आणि ओल राहू नये म्हणून. बारीक बुडबुडे येत राहिले. ती चुलीशी बसून पाहत होती. "आमची खळ, तुह्यं मेण," म्हणाली.

परवा एकाच वेटोळ्यावर जोडून पाहिलं. आपल्या जुन्या रेडिओच्या मागं ग्रामोफोनची जागा आहे, तिथं वायर लावली. मी नवी तार अंगठ्यानं छेडली. मला वाजवता येत नाही. एकच सूर. पण तो रेडिओतून खोलीभर झाला. मायनं रेडिओच्या कापडावर तळहात ठेवला.

"हे घरघर कायची?"

"एकच कांडी हाय म्हणून. दुसरी उलटी भरली का जाईन."

"मंग भर नं. आता तुह्या हातानं भर. मले होत नाही."

मी हो म्हटलं. अजून सुरुवात केलेली नाही.

ईश्वर, तू ये. जे विचारलंस ते आपण समोरासमोर बोलू. कागदावर काही गोष्टी नीट येत नाहीत.

शालिकराम


२३ डिसेंबर १९७७

ईश्वर,

हो.

तू दुसरं काही लिहू नकोस म्हणाला होतास. पण एवढ्यावर थांबलो तर ते पुन्हा अर्धंच होईल.

आज बरोबर अकरा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी, चोवीसला, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचात तू वाजवणार होतास, आणि कलकत्त्याहून एक बँडमास्तर येऊन गिटारवाला निवडणार होता. तेवीसच्या दुपारी तू तारा आणायला सदरला गेला होतास. मी तुझं काम करावं म्हणूनच झाकण उघडलं, हे खरं आहे. मीटर लावला. काटा हलला नाही. पुन्हा लावला. एक स्क्रू हातातून निसटून मागाच्या खड्ड्यात गेला, तो शोधला, सापडला नाही. तार माझ्याकडे होती. दुपारचे दोन वाजले होते. आपण दोघं बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवीन वेटोळं झालं असतं.

मी कॉलेजच्या मीटरमधला पितळेचा स्क्रू लावून झाकण बंद केलं.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. माग तू चालवत होतास. तू गेलास तर माग बंद पडेल, मायचं काय होईल, म्हणून मी हे केलं, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. डायरीत तसं लिहूनही ठेवलं आहे. पण तू गेल्यावर माग दीड वर्षात मीच विकला आणि मायचं काही अडलं नाही. मग काय होतं? मला एम. एस्सी.ला जबलपूरला जागा मिळाली होती, हे तुला आठवत नसेल, तू शाळेत होतास. बाबा म्हणाले, थोरला गेला तर घर कोण पाहील. मी राहिलो. मला जाता आलं नाही, तेव्हा तूही जाऊ नयेस. एवढंच होतं, ईश्वर. इतकं लहान होतं.

चोवीसला मी हॉलमध्ये होतो. मागं, दाराशी. तू वाजवत होतास, बोटं चालताना दिसत होती आणि काही ऐकू येत नव्हतं. पुढच्या लोकांना आधी वाटलं, तू गंमत करतो आहेस. मग ते हसले. तू वाजवणं थांबवलं नाहीस, गाणं संपेपर्यंत, असं लोकांनी नंतर सांगितलं. मी त्याआधी बाहेर पडलो.

तू रिकाम्या हातानं गेलास. मी तुला थांबवू शकलो नाही, फक्त रिकाम्या हातानं पाठवलं.

शालिकराम


३१ डिसेंबर १९७७

वरचं पत्र आठ दिवस डायरीत होतं. रोज दोनदा पेटीपर्यंत घेऊन गेलो. कधी वाटलं एखादा शब्द कठोर झाला आहे, कधी वाटलं नरम झाला आहे. आज माय म्हणाली, "कार्ड टाकलं का गा?" मी म्हटलं, नाही. ती भिंतीकडे वळली. मी चपला घातल्या.

आताच टाकतो आहे.


५ फेब्रुवारी १९७८, रविवार

ईश्वर,

तू आलास, दहा दिवस राहिलास, गेलास. त्या दिवसांत काय झालं ते तुला माहीत आहे. पण मी डायरीत जे लिहिलं ते तुला पाठवतो. तुझ्यामाघारी मी काही लिहून ठेवावं आणि तुला माहीत नसावं, असं आता नको.

‘३ जानेवारी. पहाटे माय गेली. शेवटच्या तासात शुद्ध नव्हती. डावा हात सारखा अंथरुणाबाहेर जात होता, जमिनीवर चाचपत होता. तारानं वाटीत पाणी घेऊन हाताखाली धरलं. बोटं भिजली, तेव्हा हात थांबला. आळीतल्या लोकांनी सगळं केलं. दुपारी ईश्वरला तार केली.

४ जानेवारी. संध्याकाळी दाराशी टांगा थांबला. ईश्वर. केस पांढरे झाले आहेत. त्याला तार मिळालेली नव्हती. माझं पत्र काल दुपारी मिळालं आणि तो तसाच मेलमध्ये बसला. उंबऱ्यातूनच त्यानं हाक मारली, "माय, चहा मांड वं! लयच थंडी हाय." घरात बायका बसल्या होत्या. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी केस काढले होते.

"कधी?"

"काल."

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "भाऊ, एक अक्षर लिहाचं होतं. हो. त्याले अडीच महिने लागते का?"

मी तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं.’

इथं डायरी संपली. पुढचे दिवस मी लिहिले नाहीत.

दहाव्यानंतर तू गिटार मागितलीस. रेडिओला लावलीस. तू काय वाजवलंस ते मला नाव सांगता येणार नाही. घरघर होती. बाबनराव दारात उभे होते, ते म्हणाले, "बाप्पा, आपल्या तांडापेठेत असंबी वाजते!" तू हसलास. आल्यापासून पहिल्यांदा.

मग तू गिटार उलटी-सुलटी करून पाहिलीस आणि म्हणालास, "चारही स्क्रू पोलादी हाय. तो पितळेचा कुठं गेला?" दुरुस्ती करताना मी तो बदलला होता. का बदलला ते तू विचारलं नाहीस, म्हणून मी आपणहून सांगतो: तू आलास तर तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. डायरीत पाकिटात ठेवला होता, तो आणून दिला. तू एक पोलादी काढलास आणि त्याच्या जागी पितळेचा बसवलास, स्वतःच्या हातानं, शेवटपर्यंत पिळून. मला वाटलं तू काही बोलशील. तू एवढंच म्हणालास, "दुसरी कांडी तू भर. झाली का पार्सल कर. मी बसवून घेईन." मेलची वेळ झाली, तू गिटार घेऊन निघालास.

ती झाली आहे. सोबत पाठवतो आहे.

मायचं वेटोळं उजवीकडे गुंडाळलेलं आहे, हे डावीकडे. दोन्ही सुरुवातीच्या टोकांना लाल रेशीम बांधलं आहे. मायच्या वेटोळ्याचं शेवटचं टोक हिच्या लाल टोकाला जोडायचं. हिचं चुंबक उलटं ठेवायचं. वेढे सहा हजार. चिंचोके तेच वापरले. तारानं अजून वाटी हलवली नव्हती. माझं चाक मायसारखं चालत नाही. बोटं कोरडी होती, सारखी पुसत होतो.

अडतिसाव्या चिंचोक्यानंतर तार तुटली. माझी चूक. मधेच बाहेर कोणी हाक मारली, मी मान वळवली आणि चाकाला झटका बसला. दोन्ही टोकं खरवडून पीळ दिला, कथलाचा डाग दिला, वर कागद लावला आणि पुढं भरत गेलो. आता ती जागा वरून दिसत नाही. मेणातही बुडवून झालं आहे. वाजवताना तुला काही जाणवणार नाही, आणि बहुतेक कधीच काही होणार नाही. पण तिथं जोड आहे, हे तुला सांगून ठेवतो.

आता मीटर लावून पाहिला. काटा हलतो आहे. चार हजार सहाशे.

आज रविवार, पोस्ट बंद आहे. उद्या दहाला उघडेल तेव्हा मी दाराशी असेन.

शालिक